भाकरीतली सात नावे

ज्यांनी इतिहास लिहिला, त्यांनी बायकांच्या बुट्ट्या कधी उघडून पाहिल्याच नाहीत.

गावच्या स्वातंत्र्यस्तंभावर नावे कोरायची होती. बेचाळीस साली भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोचवणाऱ्या सात बायकांची यादी घेऊन गजराबाई स्तंभ समितीकडे गेली, तर अध्यक्ष अण्णासाहेब हसले. "बाई, नाक्यावर पोलीस चपलांचे तळसुद्धा चाचपायचे. त्यांच्या हातावर तुरी देणं तुम्हा बायकांना जमणार होय?" यादी परत करून त्यांनी शिपायाला बजावले, "उद्या पाथरवट येतोय. हिच्याकडचा एकही कागद आत येता कामा नये."

सात जणींपैकी आता एकटी गजराबाईच उरली होती. या वेळी नावे कोरायची राहून गेली, तर ती कायमचीच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर बुट्टी घेऊन आली. शिपाई म्हादबाने कसून झडती घेतली, पण आत भाकऱ्या आणि ठेचाच होता. त्याच्याही हातावर एक भाकरी ठेवून ती आत गेली आणि समितीपुढे न्याहारी मांडली.

"रागावू नका अण्णासाहेब, जेवा."

खूश होऊन अण्णासाहेबांनी भाकरीचा पापुद्रा उचलला आणि त्यांचा हात तसाच थांबला. आत घडी घातलेली कालचीच यादी होती.

"कडेनं चीर द्यायची, घडी सरकवायची अन् परत शेकायची," गजराबाई म्हणाली. "तुमचा पहारा तर पोलिसांपरास कडक व्हता, न्हाई का?"

समिती खो खो हसली. अण्णासाहेबांनी मुकाट्याने यादी पाथरवटाच्या हाती दिली.

तेवढ्यात दारातून म्हादबा घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काकी, मी तर आख्खी भाकर खाल्ली! तिच्यात कुणाचं नाव व्हतं?"