दुसऱ्या कणगीचा बोळा

नाणी पाडायचं कुणाच्या डोक्यात येण्याच्या कितीतरी आधीची, फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात धान्य हाच पैसा होता. शेला घ्या नाहीतर खेळणं घ्या, पदरचं धान्य मोजून द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

तिथे राजाचा एक कोठारी होता. धान्याचं सगळं कोठार त्याच्या ताब्यात. माप असं चोख, की पायलीवर एक दाणा जास्त चढायचा नाही. जीभ मात्र फार तिखट. वर्ष सरायच्या आत ज्याच्या घरचं धान्य संपे, त्याला कोठारातून उसनं मिळायचं. पण त्यासाठी कोठाऱ्यानं दारात एक दगड मांडला होता. त्यावर उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगायचं की माझा हिशेब कुठे चुकला. कितीतरी जण उपाशी राहायचे, पण त्या दगडावर चढायचे नाहीत.

पन्नाशीला कोठाऱ्याला वाटलं, पुरे झाली चाकरी. बाकीचे हातपाय थकेपर्यंत राबत. हा गडी हुशार. घरात रोज किती धान्य लागतं ते त्यानं सलग तीन वर्षं मोजलं आणि वर्षाला एक अशा पंचवीस कणग्या भरून घेतल्या. बांबूच्या विणलेल्या, शेणामातीनं लिंपलेल्या उंच कणग्या. प्रत्येकीचं वरचं तोंड बायकोनं लिंपून बंद केलं आणि ओल्या मातीवर आपला पंजा उमटवला. खाली दाणे काढायला भोक, त्यात चिंधीचा बोळा. रिवाज असा, की सुगीच्या सणाला घरच्या बाईनं नव्या वर्षाच्या कणगीचं तोंड उघडायचं, ओंजळभर दाण्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मगच खालचा बोळा काढायचा.

"पंचाहत्तरीपर्यंत बघायला नको," कोठारी म्हणाला.

"तुमचं माप आहे. ते कसं चुकेल?" बायको म्हणाली. तिला नवऱ्याचा केवढा अभिमान!

पण बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, त्यानं मोजलं होतं ते कुठलं घर? ज्यात तो स्वतः नसायचाच, ते. दुपारचं जेवण राजाच्या मुदपाकखान्यात. अंगावरचे कपडे राजाचे. अंधार पडल्यावर घरी येऊन अर्धी भाकरी खायची आणि आडवं व्हायचं, एवढाच त्याचा घराला खर्च.

आता स्वारी दिवसभर घरी. मग सोबती आले, सोबत्यांबरोबर सोंगट्यांचा डाव आला, डावाबरोबर लाह्या आणि गूळ आला. तीस वर्षांत एक जत्रा पाहिली नव्हती, त्या वर्षी तीन पाहिल्या. बसायला जागा हवी म्हणून सुताराकडून झोपाळा करून घेतला. सगळेच दिवस सणाचे झाले, आणि सणाला कोण मोजत बसतं!

आठव्या महिन्यात पहिल्या कणगीचा बोळा काढला, तर नुसता भुसा पडला.

बायकोला सांगितलं असतं तर ती हसली असती, फार तर झोपाळा गेला असता. पण जन्मभर दुसऱ्यांना दगडावर चढवलेल्या माणसाच्या तोंडून ते निघेना. बायको नदीवर गेलेली पाहून त्यानं दुसऱ्या कणगीचा बोळा काढला. पुढे रोज हेच. वरचा पंजा जसाच्या तसा, आणि दाणे खालून चालले.

सुगीचा सण आला. शेजारणी जमल्या. बायकोनं दुसऱ्या कणगीचं तोंड फोडलं आणि ओंजळ भरायला हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी दाणा लागेना.

"अहो, चोरी झाली!" ती ओरडली.

सगळ्यांच्या नजरा धान्य कांडायला येणाऱ्या बाईकडे वळल्या. कणग्यांच्या खोलीत घरच्यांशिवाय तिचीच ये-जा होती. तिचा चेहरा उतरला.

"दादा, तुम्ही तरी सांगा," ती म्हणाली. "कांडायचे दाणे रोज तुम्हीच काढून देता ना? मी कधी कणगीला हात लावलाय?"

कोठारी खाली बघत राहिला. मला ही गोष्ट सांगताना इथे दरवेळी लाज वाटते, कारण त्याचा एक शब्द पुरला असता.

तिचं काम सुटलं. बातमी गावभर झाली, आणि मग तिला कुणीच कांडायला बोलावेना. चौथ्या दिवशी झोपाळ्यावर बसलेल्या कोठाऱ्याला ती रिकामी टोपली घेऊन कोठाराकडे जाताना दिसली. झोका थांबला. तो तिच्या मागोमाग गेला.

ती दगडावर चढली. आता तिथे नवा कोठारी होता. "बाई, हिशेब कुठे चुकला?" त्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं.

"एका घराला मी माझं मानलं," ती म्हणाली. "तिथे चुकला."

गर्दीतून वाट काढत जुना कोठारी पुढे आला. "उतर, बाई. इथे उभं राहायचं ते मी." तो वर चढला. "माझ्या घरात चोरी झाली नाही. मोकळ्या दिवसांत किती खर्च होतो ते मी मोजलंच नव्हतं. वर्षाचं आठ महिन्यांत संपवलं. लाजेपायी पुढची कणगी खालून काढली आणि हिच्यावर आळ येऊ दिला. मी समोर होतो. मी बोललो नाही."

गर्दीच्या कडेला त्याची बायको उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तर तिनं तोंड फिरवलं होतं.

बायको त्याच दिवशी त्या बाईच्या दारी जाऊन माफी मागून आली. बाईनं माफ केलं, पण त्या घरी कांडायला ती पुन्हा गेली नाही. झोपाळा विकला गेला. कोठारी नव्या कोठाऱ्याच्या हाताखाली पोती उचलायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं परवानगी मागून तो दगड एकट्यानं ढकलत ओढ्यापर्यंत नेला. अर्धा दिवस लागला. कुणी हात लावला नाही, आणि त्यानंही कुणाला हाक मारली नाही.

म्हणून लक्षात ठेवा : मोकळ्या दिवसांचं माप कुणाचंही चुकू शकतं, ते चुकलं त्याच दिवशी सांगावं, झाकून ठेवलं तर त्याची शिक्षा निरपराध माणूस भोगतो.