बॅटरीला गारठा लागतो

निफाडच्या बाजूला एका गावात एक भोळा तुळशीराम राहायचा. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करायचा. एवढाच त्याचा दोष, पण तेवढाही घरादाराला पुरेसा होता.

त्याच्या वत्सलाकाकूची द्राक्षबाग होती आणि दारात नवीकोरी विजेवरची गाडी होती. घरात ती चालवता येणारा एकटा तुळशीराम. काकूच्या कावेरीचं लग्न दोनदा जुळता जुळता मोडलं होतं. आता तिसऱ्यांदा जुळलं होतं आणि साखरपुडा तोंडावर आला होता.

"यंदा काही बिनसलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही," काकू म्हणाली.

नेमकी तेव्हाच थंडी पडली. बागायतदार द्राक्षं वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवू लागले. तुळशीरामनं गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली. सकाळी बघतो तर चार्ज घसरलेला. तो काटक्या घेऊन गाडीखाली शिरला.

"अरे, काय करतोस?"

"शेकोटी. बागेला करतो तशी."

काकूनं काडेपेटी हिसकावून घेतली. "अरे बाबा, बॅटरीला गारठा लागतो. मग गाडी कमी पळते, चार्जिंगही सावकाश होतं. गाडी बागेपलीकडच्या, रस्त्याकडेच्या गोठ्यात आडोशाला ठेवायची. वर गोणपाट टाकायचं, बाहेरून कडी घालायची. वारा लागू द्यायचा नाही."

"बरं काकू. ध्यानात ठेवतो."

त्यानं खरंच ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकूनं त्याला श्रीखंडाचा डबा आणायला पाठवलं. त्यानं डबा आणला, गोठ्यात आडोशाला ठेवला, वर गोणपाट टाकलं आणि कडी घातली. आत म्हैस होती. तिनं डबा चाटून लख्ख केला.

"अरे मेल्या, श्रीखंड काय गोठ्यात ठेवतात? ते गार राहायला हवं! असलं काही आणताना गाडीच्या काचा खाली करायच्या. गार वारा लागू द्यायचा."

"बरं काकू. ध्यानात ठेवतो."

मग एसटी स्टँडवर काकूच्या म्हाताऱ्या आत्याबाई उतरल्या. तुळशीरामनं त्यांना गाडीत बसवलं आणि चारी काचा खाली केल्या. आत्याबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता, तरी घरी पोचेपर्यंत दात वाजत होते.

"अरे, माणूस मारशील एखादं!" काकू कडाडली. "काचा बंद करायच्या आणि हीटर पुरता सोडायचा!"

"बरं काकू. ध्यानात ठेवतो."

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तो बाजाराला गेला. डिकीत तांदळाच्या गोण्या भरल्या, मागच्या सीटवर झेंडूच्या पाट्या ठेवल्या. काचा बंद केल्या आणि हीटर पुरता सोडला. झेंडूनं माना टाकल्या. त्यानंतर थोड्या वेळानं गाडीनंही मान टाकली. शेवटी गाडीला बैल जुंपून तो घरी आला. अख्खं गाव बघायला लोटलं होतं.

काकूनं कपाळाला हात लावला. "हीटर चार्ज खातो रे! ओझ्यानंही चार्ज जातो. थंडीत बॅटरीचा जीव आधीच अर्धा झालेला असतो. उद्या पाहुणे आणायचेत. हीटर लावायचा नाही. चार्ज उतरायला लागला की जड ओझं वाटेत ठेवायचं, ते मागून ट्रॅक्टरनं आणता येतं. गाडी घरी आली पाहिजे, समजलं?"

"समजलं काकू."

साखरपुड्याची सकाळ उजाडली. दारात मांडव सजला. कावेरी नटून बसली. भटजी घड्याळाकडे बघू लागले. तुळशीराम नवरदेवाला, त्याच्या आईवडलांना आणि मामाला आणायला स्टेशनवर गेला होता. काकूचा जीव टांगणीला लागला होता.

एवढ्यात गाडी आली. झोकात मांडवापाशी उभी राहिली. काकू आरती घेऊन धावली. आत तुळशीराम एकटा होता. शेजारच्या सीटवर नवरदेवाचा फेटा होता.

"काकू, चार्ज बघ! अजून अर्धा शिल्लक आहे!"

"पाहुणे कुठं आहेत?"

"जड होते. नवरदेव तर पैलवान गडी. चार्ज भराभर उतरायला लागला. फेटा हलका होता, तेवढा आणला."

काकूनं आरतीचं ताट खाली ठेवलं. "अरे, एवढ्या गारठ्यात त्यांना रस्त्यावर सोडलंस?"

"रस्त्यावर कशाला सोडीन? हीटर बंद होता, बिचारे कुडकुडत होते. म्हणाले, कुठं ऊब मिळेल का? मग मला तुझं सांगणं आठवलं. वाटेतल्या आपल्या गोठ्यात आडोशाला बसवलं, वर गोणपाट टाकलं, बाहेरून कडी घातली."

"कडी घातलीस?"

"घातली ना. लई आरडाओरडा करत होते, पण मी वारा लागू दिला नाही. आता ट्रॅक्टर रिकामा झाला की आणू." काकूचा चेहरा बघून तुळशीरामला तिची कीव आली. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "घाबरू नको काकू. या वेळी म्हैस बाहेर बांधलीय. नवरदेवाचं श्रीखंडासारखं नाही व्हायचं."