लेखी नकार

दिव्यांग भत्त्याच्या अर्जासाठी द्वारकाबाई खरमाट्यांनी महिनाभर कागद जमवले. आता एकच राहिला होता: बाईंना जिना चढता येत नाही, असा अधिकाऱ्याचा सहीशिक्क्याचा दाखला. आणि अधिकारी बसायचे दुसऱ्या मजल्यावर!

बाई कुबड्या टेकत जिन्यापाशी थांबल्या. शिपाई लिंबाजीने वर निरोप नेला. साहेब कठड्यावरून गरजले, "दाखला हवा तर वर या. नियम म्हणजे नियम!"

बाईंचे डोळे एकदम चमकले. "लिंबाजीभाऊ, पळा! साहेबांना म्हणावं, नाही म्हणा, पण कारणासकट लिहून द्या."

नकार लिहायला साहेबांचा हात भारी सैल. त्यांनी ऐटीत लिहिलं, "अर्जदार जिना चढू शकत नसल्याने समक्ष हजर नाहीत. सबब दाखला नाकारला." खाली झोकदार सही, त्यावर गोल शिक्का.

कागद हाती येताच बाईंनी तो तिथंच अर्जाला टाचला आणि मान वर करून खणखणीत हाक दिली, "साहेब, दाखला पोचला! पहिलं वाक्य अगदी हवं तसं उतरलंय. दुसरं खोडायचं असेल तर खाली या. नियम म्हणजे नियम!"