रडणं गिळणारं मडकं

फार जुनी गोष्ट आहे. आज जिथे उघडा माळ दिसतो, तिथे तेव्हा डोंगर होता आणि डोंगराच्या कुशीत पाथरवटांचं एक गाव होतं. आईबाप दोघंही दिवसभर खाणीत दगड फोडत. लहानग्यांना कुठे ठेवणार? कपारीच्या सावलीत फडक्यावर निजवत आणि कामाला लागत. एकदा एक रांगतं लेकरू खाणीत साचलेल्या पाण्यात पडलं. छिन्नी-हातोड्याच्या आवाजात कुणाला कळलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून ठकू नावाच्या एकट्या बाईनं गावातली सगळी पोरं आपल्या खोपटात सांभाळायला घेतली. ती त्यांना भरवी, गाणी म्हणे, मातीत लोळू देई. भिवरा पाथरवटणीची चिमी त्यात सगळ्यांत चौकस. नुकती बोलायला लागलेली. मुंगी दिसली की "हे काय?" पान पडलं की "हे काय?" ठकू दर वेळी सांगे. कंटाळा म्हणून नाही.

पण खोपट गळत होतं आणि दूध पुरत नव्हतं. अशातच गावात दवंडी आली. कष्टकऱ्यांची लेकरं जो सांभाळील, त्याला राजाकडून वर्षासन मिळणार होतं : धान्य, दुभती गाय आणि छपराला लाकूड.

ठकू राजधानीला गेली. तिनं अर्ज केला.

अमात्य म्हणाले, "बाई, मागणारे पुष्कळ आहेत. आम्ही येऊन पाहू, मग ठरवू. पलीकडच्या खोऱ्यात नागोजी नावाचे गृहस्थ पोरं सांभाळतात. त्यांना दरसाल मिळतं. जाता जाता बघून जा. तसं दिसलं पाहिजे."

ठकू वाट वाकडी करून नागोजीकडे गेली. भर दुपार होती. सारवलेली ओसरी, धुतलेली अंगडी, ओळीनं बसलेली पोरं. इतकी पोरं आणि आवाज मात्र कसलाच नाही. एक चिमणी थेट त्यांच्यात येऊन बसली, तरी एकाचीही मान वळली नाही. एका बाळाच्या गालावरून माशी चालत डोळ्यापर्यंत गेली. पापणी हलली नाही.

ठकूनं ती माशी हाकलली. "नागोजीदादा, ही पोरं आजारी आहेत का?"

"छे! शहाणी आहेत." नागोजी हसला. मग त्यानं आत जाऊन एक काळं मडकं आणलं. "हे पोरांच्या मधोमध ठेव आणि झाकण काढ. त्यांचं रडणं, हट्ट, बडबड सगळं गिळून टाकतं. पाहणी झाली की पुन्हा उघड. ज्याचं त्याला परत."

ठकूला ते पटलं नाही. पण गळतं छप्पर डोळ्यांपुढे आलं. एका दिवसाचा तर प्रश्न, असं म्हणत तिनं मडकं उचललं. ते रिकामं होतं, तरी हाताला जड लागत होतं.

अमात्यांची पालखी दिसली, तसं तिनं झाकण काढलं. मडक्यानं एक लांब श्वास घेतल्यासारखं झालं. रडणारं बाळ मध्येच थांबलं. चिमीनं मुंगीकडे बोट केलं होतं. ते हळूहळू खाली आलं. खोपटात विहिरीच्या तळासारखा गारवा पसरला. ठकूनं झाकण लावलं.

अमात्य प्रसन्न झाले. "वा! याला म्हणतात संगोपन. वर्षासन मंजूर!"

पालखी वळणाआड गेली आणि ठकूनं मडकं उघडलं. काहीच झालं नाही. तिनं ते उलटं केलं, हलवलं, कान लावला. आत खूप खोल कुणीतरी विचारत होतं, "हे काय? हे काय?"

संध्याकाळी भिवरा आली. चिमी धावत गेली नाही.

"ठकूमावशी, हिला काय झालंय? मी हाक मारली, तर माझ्यातून पलीकडचं बघितल्यासारखं करते!"

ठकू मडक्याकडे वळली. तिनं मडकं दगडावर आपटलं; दगडाला चीर गेली, मडक्याला नाही. उजाडताच ती नागोजीकडे धावली. "माझ्या पोरांचे आवाज दे!"

नागोजी तिला माजघरात घेऊन गेला. तिथे छतापर्यंत मडक्यांच्या उतरंडी होत्या आणि सगळ्या मोहोळासारख्या गुणगुणत होत्या. त्याचा चेहरा पडला.

"मडकं ज्याला दाखवण्यासाठी भरलं, त्याच्यासमोरच ते फुटतं. दरबारात जाऊन खरं सांगावं लागतं. माझी कधी छाती झाली नाही गं. दरसाल पुढची पाहणी असायचीच."

ठकू परतली. तिनं आईबापांना सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या. मग सगळे मिळून पोरं कडेवर घेऊन दरबारी गेले.

अमात्य राजाशेजारीच बसले होते. राजा म्हणाला, "ही बालकं इतकी गप्प कशी?"

"मी गप्प केली, महाराज. अमात्यांना शांत पोरं हवी होती आणि मला वर्षासन हवं होतं. मी यांच्यासाठीच मागत होते आणि मागता मागता यांनाच देऊन बसले."

तिनं मडकं फरशीवर टाकलं. ते फुटलं. दरबार रडण्यानं, खिदळण्यानं, किंकाळ्यांनी भरून गेला. भिवरानं चिमीला छातीशी धरलं. चिमी रडता रडता थांबली, सिंहासनाकडे बोट करून म्हणाली, "हे काय?"

राजानं मान खाली घातली. त्या साली ठकूला वर्षासन मिळालं नाही. खोटं दाखवण्याची ती शिक्षा होती आणि तिनं ती मुकाट्यानं घेतली. छप्पर पाथरवटांनीच शाकारलं. अमात्यांना मात्र हुकूम झाला : यापुढे पाहणीला जाल, तर दिवसभर पोरांत बसा, आणि जिथे एकही मूल प्रश्न विचारत नाही, तिथे काही देऊ नका.

मग नागोजीलाही बोलावून खरं वदवलं आणि त्याची मडकी राजा-अमात्यांसमोर फोडण्यात आली. आवाज बाहेर पडले. ओसरीवरच्या पोरांना त्यांचे मिळाले, पण बाकीचे ज्यांचे होते, ती पोरं केव्हाच मोठी झाली होती. आवाज त्यांच्याभोवती घिरट्या घालत राहिले, आवाजांना आपलं घर ओळखू येईना. काही तसेच वाऱ्यावर गेले. काही कसेबसे आत शिरले. त्या खोऱ्यात पुढे कितीतरी वर्षं मिशा फुटलेले गडी बांधावर बसलेले दिसत. बोलायला तोंड उघडत आणि त्यातून तान्ह्या बाळाचा हुंकार येई.

म्हणून सांगतो, लेकरांसाठी मागावं, पण मागण्यापायी लेकरांनाच गहाण टाकू नये; गेलेलं बाळपण कुठल्याच खजिन्यातून परत मिळत नाही.