कुलूपबंद पूल

“मग माझ्या पुलाला कुलूप लावले, यात माझे चुकले कुठे, बुवा?”

शार्दूल आपल्या घरून, संगणकावरून तावातावाने विचारत होता. सदानंदबुवा मठाच्या ओसरीवर, संगणकासमोर बसून शेंगा सोलत होते.

बुवांचे शिष्य गावोगावी विखुरलेले. आपापल्या घरी बसून ते सारे मिळून संगणकावरच्या आगगाडीच्या खेळात एकच जग रचत. कोणी डोंगर उभा करी, कोणी रूळ टाकी, कोणी नदी सोडी. त्या दिवशी या एकत्रित रचनेची चाचणी होती. बुवा जे भाग मान्य करतील, तेच त्या जगात कायमचे राहणार होते.

शार्दूलने उन्हाळाभर खपून बांधलेला दगडी पूल दृष्ट लागण्याजोगा होता. त्याला दुसऱ्याचा हात लागू नये, म्हणून त्याने आपला सगळा भागच इतरांना बंद करून टाकला होता.

शिष्या कस्तुरीच्या लगतच्या भागातून बुवांनी गाडी सोडली. ती डौलात आली आणि शार्दूलच्या हद्दीवर थांबली. सिग्नल तांबडा.

बुवा शेंगा सोलत राहिले...

“शार्दूलदादा,” दूर वर्ध्याहून कस्तुरीचा आवाज आला, “पूल देखणा आहे हो. पण खाली पाणी कुठे आहे? की वरातीसाठी उभारलेली कमान आहे ती?”

शार्दूलने निरखून पाहिले. पुलाखाली कोरडी माती होती. कस्तुरीची नदी वळणे घेत आली होती आणि त्याच्या हद्दीशी, सुरीने कापावी तशी, संपली होती.

त्याचे कान तापले. उन्हाळाभर त्याने पुलाखाली पाहिलेच नव्हते.

“कुलूप काढले, तर कोणीही येऊन काहीही करील,” तो पुटपुटला.

“करील,” बुवा म्हणाले.

...

अखेर त्याने कुलूप काढले.

पाणी आले, कमानींखालून निघून पलीकडे पसरले. पाठोपाठ माणसेही आली. कोणी काठावर बाभळी लावल्या, कोणी पाण्यात म्हशी बसवल्या. एकाने तर त्या घडीव कठड्यावर खुशाल गोधडी वाळत घातली.

ती काढायला शार्दूलचा हात पुढे झाला... आणि तसाच राहिला. पाण्यात पुलाचे प्रतिबिंब पडले होते, गोधडीसकट. त्याच्या अर्ध्या कमानींची पुरी वर्तुळे झाली होती.

सिग्नल हिरवा झाला. गाडी पुलावर आली. आपण हसतो आहोत, हे शार्दूलच्या जरा उशिराच ध्यानात आले.

बुवांनी मान डोलावली. पूल राहणार होता.

तरी शार्दूलला राहवेना. “बुवा, हा पूल मी बांधला, हे आता लोकांना कळणार कसे?”

बुवा सरकणारे पाणी पाहत होते...

“जो विचारील, त्याला गाडीत बसव.”