खेमाचं काठोकाठ पातेलं

डोंगराच्या कुशीत, सोनचाफ्याच्या झाडांत दडलेलं एक इवलंसं गाव होतं. तिथे खेमा आणि तिची आई राहायच्या. त्या वर्षी पीक बुडालं, चूलही रोज पेटेना. तरी त्यांच्या दारातून कुणी उपाशी परत गेलं असेल, तर शपथ!

वैशाखी पौर्णिमा उजाडली. या दिवशी विहारापुढे साऱ्या गावाला खीर वाढायची रीत होती, आणि वाढणाऱ्यानं सगळ्यांच्या मागून जेवायचं. यंदा वाढायचा मान खेमाचा, पण पातेल्यात खीर जेमतेम वाटीभर! बिचारी चाफ्याखाली जाऊन मुसमुसू लागली.

तोच पिवळ्याधमक कळीतून मोरपिशी पंखांची चिमुकली परी उतरली.

"रडू नकोस, बाळे. काय हवं तुला?"

"सगळ्यांची पोटं भरू देत."

"भरतील! पण वाढताना 'मला किती उरेल?' असं मनात आलं, की खीर आटेल हं."

पंगत बसली. पळी बुडाली की खीर पुन्हा वर! वेलचीचा वास दरवळला. खेमा कालपासून उपाशी होती. शेवटी फक्त आईचा द्रोण राहिला, आणि नको तेच मनात आलं. 'मला उरेल ना?'

सर्रकन खीर तळाला गेली!

खेमानं डोळे मिटून लांब श्वास घेतला. 'मला म्हणजे कुणाला गं? हाताला? तो तर वाढतोय. जिभेला? तिला नुसती चव हवी. पोटाला? ते आज भरलं तरी उद्या रिकामंच. भूक आहे खरी, पण तिची मालकीण काही सापडत नाही!'

तिला खुदकन हसू आलं. भूक आली तशी निवली. खीर वर आली, अगदी काठोकाठ. आईचा द्रोण भरला.

परी कानाशी कुजबुजली, "शहाणी गं माझी छकुली! आता स्वतःसाठी काही माग."

"आता मागणार तरी कोण?" खेमा हसली.

परी टाळ्या पिटत सोनेरी उजेडात विरघळून गेली. इकडे आईनं आपल्या द्रोणातला पहिला घास लेकीला भरवला आणि मान ताठ करून साऱ्या पंगतीला सांगितलं, "बघा, ही माझी लेक!"

त्या एका 'माझी'नं मात्र पातेल्यातली खीर थेंबभरही आटली नाही.