केरबा आमदारकीला उभा राहतो

नदीकाठी एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे सांगितलं तेवढं करणारा. कमी नाही, जास्त नाही.

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव वैजू. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. सासरी आल्यावर पहिल्यांदा पाण्याला निघाली, तेव्हा केरबाला म्हणाली, "अहो, जरा दाराकडे बघा." परत आली तर टोपलीतल्या भाकरी गायब, आणि कुत्रं जिभल्या चाटतंय.

"कुत्रं आत आलंच कसं?"

"दारातनं," केरबा म्हणाला. "मी बघत होतो की."

वैजूनं पदराआड हसून घेतलं आणि पुन्हा पीठ मळायला बसली.

तिचं माहेर समोरच, नदीच्या पलीकडे. इतकं समोर, की आई अंगणात कोंबड्यांवर ओरडली तर इकडे ऐकू यायचं. पण मधे पूल नव्हता. पावसाळ्यात जायचं तर गुळाची काहील, ती भलीमोठी कढई, पाण्यात सोडायची, तीत बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. एरवी चपला डोक्यावर आणि पाणी कमरेला. आमदार रणधीरदादा दर निवडणुकीला पुलाचं वचन द्यायचे. वचन जुनंच, हार तेवढा नवा. यंदा तरी पूल व्हावा म्हणून वैजूनं देवीला नारळ बोलला होता.

यंदा सरपंच हिंदुराव आप्पांनी डोकं लढवलं. चावडीत सगळ्यांना बोलावून म्हणाले, "दादा गेल्या खेपेला कसेबसे निवडून आलेत. आपल्यातला एकजण उभा राहिला की आपली मतं फुटणार आणि दादांना घाम फुटणार. मग येतील माघार घ्या म्हणत. आपण म्हणायचं, आधी खडी आणि जेसीबी नदीवर आणा, मग अर्ज मागं."

"पण उभं कोण राहणार?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. दादांशी वैर कोण घेणार?

"केरबा, तू उभा रा," आप्पा म्हणाले.

केरबा ताडकन उभा राहिला. अर्ज भरून होईपर्यंत बसलाच नाही.

मग प्रचार सुरू झाला. चिन्ह अजून मिळायचं होतं, पण हात जोडायला चिन्ह लागत नाही. आप्पा म्हणाले, "बरोबर घरची लक्ष्मी ने. माणूस दिसला की हात जोडायचे. जोडलेले सोडायचे न्हाईत."

केरबा निघाला. मागनं वैजू, डोक्यावर पदर घेऊन. विहिरीवर बायजाआत्या पाणी ओढत होती. तिच्या हातातनं दोर निसटायला लागला.

"केरबा, धर रं! धर, धर!"

केरबा हात जोडून उभा. दोर गेला, घागर गेली, आणि आत्याची मतं गेली. तिच्या घरात सात होती.

आप्पांनी कपाळावर हात मारला. "अरं शुंभा, कुणाकडं ओझं दिसलं की धावत जायचं, उतरवून खाली ठेवायचं, आणि म्हणायचं, मी असताना तुम्ही कष्ट घ्यायचे न्हाईत."

"असं होय," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीत देवीची जत्रा. एक मावशी नदीवरनं डोक्यावर कलश घेऊन अनवाणी येत होती. नवसाचा कलश. देवळात पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. मावशीनं त्यासाठी महिनाभर मीठ सोडलेलं. देऊळ हाकेवर आलं होतं.

केरबा धावत गेला. कलश उतरवला. धुळीत ठेवला. "मावशी, मी असताना तुम्ही कष्ट घ्यायचे न्हाईत."

डफ थांबला. मावशीनं एकदा कलशाकडं बघितलं, एकदा केरबाकडं. मग तिनं पायताण शोधलं. तिचं नव्हतंच, म्हणून दुसऱ्याचं घेतलं.

"अरं, देवाचं होतं ते!" आप्पा ओरडले. "देव दिसला की गुलाल उधळायचा आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, चांगभलं!"

"पण देव आहे हे ओळखायचं कसं?"

आप्पा वैतागले. "चार माणसं खांद्यावर काहीतरी घेऊन वाजतगाजत न्हाईतर घाईघाईनं निघाली, की समजायचं देव!"

तिसऱ्या दिवशी चार माणसं खांद्यावर खाट घेऊन घाईघाईनं निघाली होती. खाटेवर दौलूतात्या. पाय मोडला होता. दवाखाना नदीपलीकडे. पूल नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून खाट. केरबानं पिशवीभर गुलाल उधळला.

"चांगभलं!"

दौलूतात्यानं डोळे उघडले. सगळीकडे लाल. त्यानं हळूच विचारलं, "पोरांनो, मी गेलो काय रं?"

"न्हाई तात्या, पाय तेवढा मोडलाय."

"मग गुलाल कशाचा?"

"उमेदवाराचा."

तात्या म्हणाला, "खाट खाली ठेवा." खाट ठेवली, आणि चौघं केरबाच्या मागं लागले. वैजू तात्याच्या तोंडावरचा गुलाल पदरानं पुसत बसली.

त्या दिवशी आप्पांना आवाजच राहिला नव्हता. ते कुजबुजत म्हणाले, "आजाऱ्याजवळ बसायचं. हात हातात घ्यायचा. तोंड पाडायचं. म्हणायचं, धीर सोडू नका, मोठमोठ्यांना झालंय हे, यातनं लवकर सुटाल."

"आजारी कसा ओळखायचा?"

"मधोमध बसवलेला असतो. माणसांनी वेढलेला असतो. अंगाला काहीतरी चोळलेलं असतं. आणि तोंड उतरलेलं असतं."

वैजूच्या मनात आलं, असं कुणीही असू शकतं. पण नव्या सुनेनं सरपंचाला काय सांगायचं!

चौथ्या दिवशी ती दोघं वैजूच्या मावसभावाकडे गेली. त्याचं लग्न होतं. मांडवात नवरदेव मधोमध बसवलेला. भोवती बायका. अंगाला हळद चोळलेली. आणि तोंड, कुणाचंही उतरेल तेवढं उतरलेलं.

केरबा जवळ बसला. हात हातात घेतला. तोंड पाडलं. "धीर सोडू नको. मोठमोठ्यांना झालंय हे. यातनं लवकर सुटशील."

पोराला आधीच धडधडत होतं. तो हुंदके द्यायला लागला.

तरी वैजूची मावशी मोठ्या मनाची. लाडवांची परात पुढं करून म्हणाली, "जावईबापू, असू दे. लाडू घ्या." केरबानं परातच ओढून घेतली.

इतके दिवस वैजू गप्प होती. आता मात्र तिच्या माहेरच्या माणसांत तिची मान खाली गेली होती. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "अहो, कुणी काही देऊ केलं की लगेच हात पसरू नये. नको म्हणावं. पुन्हा म्हणाले तर म्हणावं, कशाला उगाच, तुम्ही आलात हाच आमचा आहेर. तिसऱ्यांदा आग्रह झाला तरच घ्यावं. चांगल्या घरची माणसं अशी वागतात."

केरबानं ते मनाशी घोकलं. वैजूला वाटलं, आप्पांपेक्षा आपण बरं शिकवलं.

इकडे रणधीरदादांचा माणूस लांबनं पाळत ठेवून होता. त्यानं जाऊन सांगितलं, "दादा, काही खरं न्हाई. केरबा पुढं, आणि हीऽ गर्दी मागं. रोज!" गर्दीच्या हातात काय असतं, हे त्याला लांबनं दिसलं नव्हतं.

दादांना घाम फुटला. माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळीच ते गावात हजर. मागं खडीचे ट्रक, त्याच्या मागं जेसीबी. खडी मेव्हण्याची, सरकारी नव्हे, म्हणजे आचारसंहितेत बसणारी. सगळा गाव देवळापुढं जमला. पलीकडच्या काठावरही माणसं गोळा झाली. वैजूला त्यांत आपली आई ओळखू आली.

आप्पांनी केरबाला आदल्या दिवशीच पढवलं होतं. "दादा पुलाचं बोलतील. बोलणं झालं की त्यांच्या गाडीत बसायचं, कचेरीत जायचं आणि अर्ज मागं घ्यायचा. मी मधे पडणार न्हाई. मला दादांशी गोड राहायचंय." आणि ते देवळाच्या खांबाआड जाऊन उभे राहिले.

दादांनी माईक घेतला. "केरबा, तुमची मागणी मला मान्य! खडी आणलीय. पूल घे!"

सगळा गाव केरबाकडं वळला.

"नको," केरबा म्हणाला.

ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. दादांना वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. "अरे, पूल देतोय. घे की."

"कशाला उगाच, दादा! तुम्ही आलात हाच आमचा आहेर."

वैजूनं बोटांवर मोजलं, दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा. देवा, तिसऱ्यांदा एकदा विचारू दे. खांबाआडनं आप्पा दोन्ही हात हलवत होते. केरबानं त्यांना नमस्कार केला.

"दादा!" वैजू ओरडली. उभ्या गावानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "दादा, अजून एकदा विचारा!"

पण दादांनी खुणेनं बरोबर आणलेल्या ताशेवाल्याला सुरू करायला सांगितलं होतं. "असा निःस्वार्थी उमेदवार मी उभ्या जन्मात पाहिला नाही!" त्यांनी केरबाला मिठी मारली. पुलाचं बोलणं झालं होतं. केरबा मुकाट्यानं गाडीत जाऊन बसला. गाडी गेली. मागनं जेसीबी गेला. मग एकेक करून खडीचे ट्रक वळले, आणि नदीकाठ होता तसा मोकळा झाला.

संध्याकाळी केरबा परतला. सगळा गाव त्याच्या दारात. आप्पा ओट्यावर डोकं धरून बसलेले.

"अर्ज घेतला मागं?" त्यांनी विचारलं.

"घेतला की. सांगितलं तसं."

"आणि पूल का रं नको म्हणालास, मुडद्या?"

"मी घेणारच होतो आप्पा," केरबा म्हणाला. "पण दादांनी तिसऱ्यांदा विचारलंच न्हाई. दोनदाच विचारलं." मग त्यानं खिशातनं तेलकट पुडी काढली आणि वैजूपुढं धरली. "भजी मात्र तीनदा घे म्हणाले. म्हणून घेतली. तुझ्यासाठी राखलीत. घे."

वैजूनं पुडीकडं बघितलं. मग नदीकडं. "नको."

"घे की."

"नको म्हटलं ना!"

केरबाचा चेहरा खुलला. एवढ्या गर्दीत चांगल्या घरचं माणूस त्याला ते एकच दिसत होतं.

"थांब," तो म्हणाला, "अजून एकदा विचारतो."